नकली चिपांची दहा वर्षं

२०१४च्या ऑक्टोबरात एफटीडीआय या ग्लासगोच्या कंपनीने विंडोज अपडेटमधून नवा ड्रायव्हर पाठवला. त्याने तिच्या नावावर खपणाऱ्या नकली यूएसबी चिपांचा ओळख क्रमांक थेट शून्य केला, आणि ओरड झाल्यावर हा ड्रायव्हर मागे घेतला गेला. नुकसान झालं ते ग्राहकाचं. त्याला चिप नकली आहे हे ठाऊकही नव्हतं.

नांदेड-लातूरच्या पोरांच्या प्रोजेक्टांत अर्डुइनो शिरला तो याच सुमारास. त्या बोर्डाचा आराखडाच खुला, त्यामुळे चिनी बोर्ड घेण्यात गैर काही नव्हतं. त्यावरची सीएच३४० चिपही स्वतःच्या नावाने येते, कुणाचं सोंग घेत नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये दुष्काळामुळे मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हापासून प्रदर्शनांत टाकीची पातळी नि मातीचा ओलावा मोजणारे बोर्डच जास्त दिसू लागले.

पुढे स्वस्त ‘ब्लू पिल’ बोर्ड आला. त्याच्या चिपेवर एसटीएम३२एफ१०३ छापलेलं असायचं, पण अनेकदा प्रोग्रॅमर जोडला की ओळख क्रमांकाच्या सुरुवातीला १च्या जागी २ यायचा. म्हणजे चिप दुसऱ्याची, नाव एसटी कंपनीचं. जीडी३२ ही चिपही त्याच घाटाची, पण ती स्वतःच्या नावाने विकली जाते. मला हा फरक फार मोठा वाटतो. जीडी३२ची माहितीपुस्तिका वाचून काम करता येतं. नाव बदललेल्या चिपेची पुस्तिका कुठून आणणार?

नोव्हेंबर २०२०मध्ये भारतात अलीएक्सप्रेस या चिनी खरेदी-अॅपवर बंदी आली, पाठोपाठ जगभर चिपांचा तुटवडा. भाव कित्येक पटींनी चढले आणि जुन्या बोर्डांवरून काढलेल्या, वरचं नाव घासून नव्याने छापलेल्या आयसी बाजारात फिरू लागल्या. कापसाच्या बोळ्यावर अॅसिटोन घेऊन पुसलं तर कधीकधी छपाई उतरते; लेझरने कोरलेलं नाव राहतं.

प्रोजेक्टात चिप अडकली तर मार्क जातील. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टर पॅनलचं तसं नाही. मे महिन्यात पत्र्याची पेटी तापते, रात्री व्होल्टेज खालीवर होतं. चिप हँग झाली नि रिले चिकटून राहिला तर मोटार कोरडी चालून जळते. रिवाइंडिंगचे हजारो रुपये शेतकऱ्याच्या खिशातून जातात, चिपेत वाचवलेले पन्नास-शंभर मात्र पॅनल बनवणाऱ्याचे असतात.

म्हणून पॅनलसाठी चिप अधिकृत वितरकाकडूनच, बिलासह घ्यावी. नाइलाजाने दुसरीकडून घेतलीच, तर त्या लॉटमधल्या काही आयसी गरम पेटीत, कमी-जास्त व्होल्टेजवर रात्रभर चालवून बघाव्यात, मगच उरलेल्या सोल्डर कराव्यात.