नाण्याचा रंग

बंगळूरच्या परिसरात रोमन रुप्याची नाणी दोनदा सापडली. १८९१ साली यशवंतपूर येथे आणि १९६५ साली अक्कितिम्मनहळ्ळी येथे. अशा एखाद्या नाण्याची दोघांनी छायाचित्रे घेतली, तर एकात ते करडे व निस्तेज दिसावे आणि दुसऱ्यात निळे-जांभळे, असे सहज घडते. यांतला खरा रंग कोणता? हा प्रश्न केवळ हौसेचा नव्हे. पुष्कळ अभ्यासकांना मूळ नाणे हाती घेण्याचा योग येत नाही. नाणे अस्सल की बनावट, घासलेले की न घासलेले, हे त्यांना चित्रावरूनच ठरवावे लागते.

कागद आपल्यावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो. गुळगुळीत धातू तो आरशासारखा परत फेकतो. सोने निळा-जांभळा प्रकाश बराचसा गिळते, म्हणून ते पिवळे. रुपे मात्र सगळेच रंग जवळजवळ सारख्या प्रमाणात, शेकडा नव्वदांच्या आसपास, परतविते. समोर जे असेल, तेच त्याचे रूप! खिडकीतले आकाश त्याला निळसर करते, विटकरी भिंत तांबूस करते. छायाचित्रकाराचा रंगीत सदराही आपला वाटा उचलतो. भिंग नाण्याच्या अगदी डोक्यावर असले, म्हणजे काळ्या कॅमेऱ्याचेच प्रतिबिंब पडते आणि स्वच्छ नाणे काळवंडलेले भासते. मग एखादा भाबडा संग्राहक ते चिंचेने घासावयास बसतो. शतकानुशतके जमलेली कांती अशी एकदा गेली की पुन्हा येत नाही.

आता त्या निळ्या-जांभळ्या रंगाविषयी. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे रुप्यावर अतिशय पातळ थर चढतो. थराच्या वरून आणि तळापासून परतणारे किरण एकमेकांत मिसळून काही रंग मावळतात, काही उजळतात. साबणाच्या फुग्यावर आपण हाच खेळ पाहतो. परंतु आरशाच्या न्यायाने परतलेला प्रकाश भिंगात शिरला, तरच हे रंग दिसतात. दिवा बाजूस सरकवा, ते लोपतात. म्हणजे ती दोन्ही चित्रे खरीच होती. दिव्याच्या जागा तेवढ्या वेगळ्या होत्या.

पुढे बंगळुरात स्थायिक झालेल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली सागरप्रवासात पाण्यावरील आकाशाचे प्रतिबिंब निकोलच्या लोलकाने दूर सारून समुद्राचा स्वतःचा निळा रंग पाहिला होता. तोच उपाय येथे का नको? कारण पाण्याच्या पोटात प्रतिबिंबाखेरीजही प्रकाश असतो, धातूच्या पोटात नसतो. दिव्यावर आणि भिंगावर परस्परांस छेद देणाऱ्या ध्रुवक काचा बसविल्या, तर रुप्याचे परावर्तनच अडते आणि नाणे काळे पडते.

त्यापेक्षा साधी काच बरी. ती भिंग आणि नाणे यांच्यामध्ये पंचेचाळीस अंशांत तिरपी धरावी व बाजूने दिवा लावावा. काचेवरून प्रकाश सरळ खाली उतरतो आणि नाण्यावरून त्याच वाटेने वर भिंगाकडे येतो. दिवा एकाच जातीचा असावा. खिडकीचा उजेड आणि पिवळा दिवा एकत्र आले, तर एकीकडची छटा सुधारताना दुसरीकडची बिघडते. शेजारी एक करडा पुठ्ठा ठेवावा, म्हणजे चित्रातले रंग त्यावरून जुळविता येतात. दुसरे चित्र बाजूच्या प्रकाशात घ्यावे, त्यात अक्षरांचा उठाव दिसेल. आणि दिवा कोठे होता, हे दोन्ही चित्रांखाली लिहून ठेवावे.