दोन ध्वज की एक? (जुनी नाणी ओळखताना : लेखांक ९)

मागच्या लेखात चांदीच्या देनारियसवरचे चेहरे पाहिले. आज त्याहून गरीब, पण जुन्या नाण्यांच्या बाजारात ढिगाने मिळणारे नाणे घेऊ: सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातले, नखाएवढे, ब्राँझचे. व्यास जेमतेम १५ ते १८ मिलिमीटर. नाक-हनुवटीवरून माणूस ओळखायची सवय इथे सोडावी, कारण चौथ्या शतकातल्या टाकसाळींनी बाप आणि मुलगे जवळजवळ सारखेच कोरले आहेत. म्हणून नाणे आधी उलटे करायचे.

मागच्या बाजूला भाले घेतलेले दोन सैनिक, मध्ये लष्करी ध्वज. कडेने ‘ग्लोरिया एक्सर्सितुस’, म्हणजे सैन्याचा गौरव. अक्षरे झिजली तरी चित्र सहसा तगते. आता ध्वज मोजा. दोन असतील तर नाणे साधारण इ. स. ३३० ते ३३५ मधले. एकच असेल तर ३३५ ते ३४१. दुसरा ध्वज गेला तेव्हाच वजनही अडीच ग्रॅमच्या आसपासवरून दीड-पावणेदोनवर उतरले. पण काट्यावर फार विसंबू नका, झिजलेले नाणे हलके भरणारच.

मग पुढची बाजू. डोक्यावर फुलाफुलांची पट्टी आणि मजकुराच्या शेवटी ‘ऑग’ असेल तर तो ऑगस्टस, म्हणजे सत्ताधारी सम्राट. पानांचा मुकुट आणि शेवटी ‘नॉब सी’ असेल तर सीझर, म्हणजे धाकटी पाती. अशा सीझरांत डाल्मॅशियस हा कॉन्स्टंटाइनचा पुतण्या सापडला तर संग्राहकाचे नशीब! ३३५ च्या सप्टेंबरात त्याला सीझर केले आणि ३३७ मध्ये काका वारल्यावर काही महिन्यांतच घराण्यातल्या कत्तलीत तो मारला गेला. दोन वर्षेही पुरी न भरलेल्या पदाची नाणी साहजिकच थोडी.

खरी मेख सैनिकांच्या पायाखालच्या आडव्या रेघेखाली आहे. तिथे टाकसाळीचे नाव आखडून लिहिलेले असते. ‘एसएमएएनटी’ असेल तर अँटिऑक, ‘एसआयएस’ असेल तर सिसिया, म्हणजे आजच्या क्रोएशियातले सिसाक. सोबतचे एखादे अक्षर टाकसाळीतल्या कारखान्याचा क्रमांक सांगते. पूर्वेकडे हे क्रमांक ग्रीक अक्षरांत असत: अल्फा पहिला, गॅमा तिसरा.

इथे घाई करू नका. हा भाग अनेकदा नाण्याबाहेर गेलेला असतो, आणि उरलेल्या मातीखाली काय आहे ते पाहायला लोक चिंच-लिंबू लावतात. देवघरातल्या तांब्याला ते चालते, इथे नाही. आम्लाने हिरवट थर निघतो आणि त्यासोबत अक्षरेही. ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, नंतर भिंगाखाली तिरपा प्रकाश टाकून वाचा. तमिळनाडूत आणि श्रीलंकेत चौथ्या-पाचव्या शतकातली रोमन ब्राँझ नाणी मोठ्या संख्येने मिळाली आहेत. त्यांतली कितीतरी इतकी झिजलेली आहेत की हाच प्रकाश कामाला येतो.

रेघेखाली ‘कॉन्स’ दिसले की बहुतेकजण कॉन्स्टँटिनोपल ठरवून मोकळे होतात. पण त्या काळात फ्रान्समधल्या आर्ल शहराच्या टाकसाळीची खूणही ‘कॉन्स्ट’ अशीच होती. फरक कारखान्याच्या अक्षराच्या जागेत आहे. कॉन्स्टँटिनोपलच्या नाण्यावर ते नावानंतर येते, आर्लच्या नाण्यावर ‘पी’ किंवा ‘एस’ नावाआधी.