आधी बिघाड, मग हत्यार

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाची पिशवी माळ्यावरून उतरली की घरच्यांना त्यातली पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर तेवढा ओळखू येतो. उरलेलं भंगारवाल्याकडे जातं. कागलसारख्या गावातलं असलं लोखंड शेवटी कोल्हापूरकडच्या एखाद्या फौंड्रीच्या भट्टीत गेलं, तर नवल नाही. ही हत्यारं नुसत्या आकारावरून कळत नाहीत. ती कुठल्या बिघाडासाठी होती हे विचारावं लागतं, आणि फोनचा बिघाड तर दर पिढीला जागा बदलत गेला.

मुंबईत एक्स्चेंज १८८२ साली सुरू झालं. छोट्या गावांत मात्र हँडल फिरवून ऑपरेटरला गाठायचं आणि ट्रंक कॉल लावून ताटकळत बसायचं, हे पुढे शंभर वर्षं चालू होतं. त्या काळी बिघाड खांबावर असायचा. वाऱ्यानं तारा एकमेकींत अडकत, पावसात चिनी मातीच्या इन्सुलेटरवरून करंट गळे. म्हणून त्या काळातली हत्यारं वजनदार. तार धरणारा चिमटा, ती ताणणारं रॅचेट, आणि हँडल असलेली जड पेटी म्हणजे मेगर. हँडल गरगर फिरवलं की पाचशे व्होल्ट तयार होत आणि इन्सुलेशन किती उरलंय ते काटा सांगे.

पुढे तारा जमिनीखाली गेल्या. वर शिशाचं कवच, आत कागदात गुंडाळलेल्या तांब्याच्या तारा. पाणी शिरलं की कागद भिजला, लाइन गेली. पिशवीत पितळी ब्लो लॅम्प आणि सोबत करपलेली, तेलकट कापडी घडी सापडली, तर ती फेकू नका. वितळलेला डाग सांध्यावर फिरवून गुळगुळीत करायची ती घडी आहे. लॅम्प हरवला तर दुसरा मिळे. कापड मात्र ज्याचं त्याच्या हाताला बसलेलं असे.

मोठ्या शहरांत ऑपरेटरशिवाय नंबर जोडणारी स्ट्रोजर एक्स्चेंज आली, आणि बिघाड रिलेच्या पात्यांत शिरला. तिथली हत्यारं दिसायला सगळ्यात क्षुल्लक, म्हणूनच सगळ्यात आधी हरवली. बोटभर पोलादी दांडी, टोकाला बारीक खाच: खाच पात्यावर बसवायची आणि पातं केसभर वाकवायचं. ताण ग्रॅममध्ये मोजायला वेगळा गेज. दोन कॉन्टॅक्टमधून ओढायची किंचित खरखरीत पट्टी काजळी काढायला. डायल सेकंदाला दहा ठोके देते की नाही, हेही तपासावं लागे. डायल रेंगाळली तर नंबर चुकीचा लागे.

पात्यांची ही हत्यारं हळूहळू निकामी झाली ती डिजिटल एक्स्चेंजमुळे, आणि त्यात मोठा वाटा सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचा. खेड्यांसाठी बनवलेलं त्यांचं १२८ लाइनींचं एक्स्चेंज १९८६ मध्ये पहिल्यांदा बसलं ते कित्तूरला, कागलवरून जाणाऱ्या पुणे-बंगळूर हमरस्त्यावरच, बेळगावच्या पुढे. बिघडलं की कार्ड काढायचं, दुसरं खोचायचं. पातं वाकवायला पातंच उरलं नाही. मग आलं क्रोन टूल: प्लॅस्टिकची मूठ, एका दाबात तार बसवायची आणि जादा टोक कापायचं, मुठीत घडी होणारा बारीक आकडा तार उपसायला. ना सोलणं, ना डाग देणं.

काळ ठरवायला ठसाही मदत करतो. ‘पी अँड टी’ असेल तर हत्यार बहुधा १९८५ च्या आधीचं, कारण त्या वर्षी टपाल आणि दूरसंचार वेगळे झाले. ‘बीएसएनएल’ असेल तर ऑक्टोबर २००० नंतरचं. पण ठसा साल सांगतो, काम सांगत नाही. काम सांगणारी बीएसएनएलची माणसं २०२० च्या जानेवारीअखेर एका फटक्यात घरी बसली. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांचा आकडा अठ्ठ्याहत्तर हजारांच्या वर होता. त्यातलं कुणी तुमच्या गल्लीत असेल तर पिशवी घेऊन जा. ‘हे काय आहे?’ असं विचारू नका, ‘ह्यानं काय दुरुस्त करायचात?’ असं विचारा, आणि उत्तर त्या वस्तूलाच चिठ्ठी बांधून लिहून ठेवा.