विश्लेषण : घरची कांदा भजी मऊ का पडतात? उत्तर तांदळाच्या पिठात!

नागपूरहून रायपूरकडे निघालेल्या प्रवाशाला छत्तीसगडची हद्द लागण्याआधी देवरी लागते. गोंदिया जिल्ह्यातील हा धानाचा तालुका. पावसाची झड लागली की इथेही घरोघरी कढई चढते आणि गरम भज्यांची फर्माईश होते. अलीकडे त्यात मोबाइलवर पाहिलेल्या ‘ऑनियन रिंग’ आणि सोबतच्या पांढऱ्या घट्ट डिपची भर पडली आहे. मात्र व्हिडीओत कुरकुर वाजणारी चकती घरच्या ताटात दहा मिनिटांत मऊ पडते. मग पुढच्या खेपेस सोडा वाढवला जातो, पीठ घट्ट केले जाते, आणि भजी आणखी तेलकट होतात. चूक नेमकी कुठे होते आणि धानाच्या पट्ट्यातल्या स्वयंपाकघरात तिचा इलाज कसा हाताशीच आहे, ते पाहू.

कांदा मऊ का पडतो?

कांद्यात वजनाच्या साधारण ८५ ते ९० टक्के पाणी असते. गरम तेलात पडताच पृष्ठभागाजवळच्या पाण्याची वाफ होते आणि ती जोराने बाहेर पडते. कढईत दिसणारे बुडबुडे म्हणजे हीच वाफ. ती बाहेर पडत असते तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही. आवरणातले पाणी निघून गेले की तिथे कडक, सच्छिद्र कवच उरते. यालाच आपण कुरकुरीतपणा म्हणतो.

खरी अडचण भजी बाहेर काढल्यावर सुरू होते. आतल्या कांद्यात पाणी शिल्लक असते, ते हळूहळू कवचात उतरते. त्यात गरम भजी एकावर एक रचून वर झाकण ठेवले, तर वाफ कोंडते आणि कवच भिजते. भज्यावरचे तेलही निथळले नाही, तर गार होताना आत ओढले जाते. त्यामुळे तळण्याइतकेच काढल्यानंतरच्या पहिल्या मिनिटाला महत्त्व आहे. झारा कढईवर झटकावा आणि भजी जाळीवर पसरून ठेवावीत. वर्तमानपत्राचा कागद टाळावा. त्यावरची शाई खाण्यात जाऊ शकते, म्हणून अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानेही (एफएसएसएआय) त्याविरुद्ध सूचना दिलेली आहे.

कोणता कांदा घ्यावा?

देवरीच्या बाजारात येणारा बराचसा कांदा बाहेरचा असतो. त्याचे दोन प्रकार ओळखता आले तरी काम भागते. एप्रिल-मेमध्ये निघणारा उन्हाळी कांदा चाळीत साठवून पावसाळाभर विकला जातो. त्याची साल सुकलेली, मान आवळलेली असते आणि त्यात पाणी तुलनेने कमी असते. दिवाळीच्या सुमारास नवा लाल कांदा येतो. तो रसाळ असतो, टिकत नाही आणि भज्यांत लवकर पाणी सोडतो. म्हणजे भज्यांच्या मोसमात हाती येणारा कांदा भज्यांसाठी चांगलाच असतो. थंडीतल्या लाल कांद्याला मात्र पीठ थोडे जास्त लागते आणि मिठात तो फार वेळ ठेवून चालत नाही.

तांदळाचे पीठ नेमके काय करते?

नुसत्या बेसनाची भजी चवीला उत्तम लागतात. मात्र बेसनात साधारण पाचवा हिस्सा प्रथिने असतात. ती पाणी धरून ठेवतात आणि लवकर लाल होतात. बाहेरून रंग आला म्हणून भजी काढली जातात, तेव्हा आवरण आत ओलेच असते. मैद्यात ग्लुटेन असते. जास्त फेटले की ते चिवट होते.

तांदळाच्या पिठात ग्लुटेन नाही, प्रथिने कमी आणि स्टार्च भरपूर. त्याचे आवरण पातळ बसते, लवकर सुकते आणि गार झाल्यावरही कडक राहते. मैद्याच्या तुलनेत ते तेलही कमी धरते. एक खोड मात्र आहे. हे पीठ पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. म्हणून प्रत्येक घाण्याआधी मिश्रण ढवळावे लागते. हे विसरले की पहिला घाणा पातळ आणि शेवटचा दगडासारखा होतो.

गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यात तांदळाचे पीठ विकत आणण्याची गरज क्वचितच पडते. घरचा तांदूळ किंवा गिरणीतली कणी बारीक दळून आणली की झाले. सीमेपलीकडच्या छत्तीसगडमध्ये तर तांदळाच्या पिठाचा चीला रोजच्या न्याहारीतला. दुकानात पाकिटबंद ‘क्रिस्पी मिक्स’ मिळते. त्याच्या घटकांची यादी वाचली तर बहुधा स्टार्च, पीठ, मीठ आणि मसाला यांचेच मिश्रण निघते.

चकत्या कशा कराव्यात?

दोन मोठे कांदे सोलून अर्ध्या ते एक सेंटीमीटर जाडीच्या चकत्या कापाव्यात आणि कडी सुटी करावीत. प्रत्येक कड्याच्या आतल्या बाजूला पातळ, निसरडा पापुद्रा असतो. तो बोटाने सोलून काढावा. किचकट वाटले तरी हे काम टाळू नये, कारण आवरण कांद्यावरून सुटून येते ते बहुतेक वेळा याच पापुद्र्यामुळे. नंतर कडी फडक्याने टिपून कोरड्या तांदळाच्या पिठात घोळवावीत.

मिश्रणासाठी एक वाटी तांदळाचे पीठ, अर्धी वाटी बेसन, चवीपुरते मीठ, तिखट, ओवा आणि चिमूटभर हळद घ्यावी. त्यात फ्रिजमधले थंड पाणी थोडे थोडे घालावे. साधारण एक ते सव्वा वाटी लागते. पळीच्या पाठीवर पातळ थर राहील इतपत ते सैल हवे. सोडा घालायचाच तर चिमटीभर. तो जास्त झाला की आवरण फुगते, त्यात पोकळ्या होतात आणि त्या तेल पितात.

खेकडा भज्यांची रीत याच्या उलट. लांब चिरलेल्या कांद्याला मीठ लावून दहा मिनिटे ठेवायचे, सुटलेल्या पाण्यातच बेसन आणि दोन-तीन चमचे तांदळाचे पीठ मिसळायचे. वरून पाणी घालायचे नाही. कांदा जास्त आणि पीठ जेमतेम, एवढे प्रमाण सांभाळले की पुरे.

एकदा तळावे की दोनदा?

घरी थर्मामीटर नसतोच. मिश्रणाचा थेंब तेलात टाकावा. तो तळाशी जाऊन रेंगाळला तर तेल गार आहे, लगेच लाल झाला तर जास्त तापले आहे, बुडबुड्यांसह वर येऊन फिका राहिला तर ठीक. भज्यांना साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअस तापमान मानवते. एका वेळी चार-पाचच कडी सोडावीत. कढई भरली की तेल गार पडते आणि वाफेचा जोर ओसरतो.

पाहुणे यायचे असतील तर दोनदा तळणे सोयीचे. आधी मध्यम आचेवर दोन मिनिटे तळून, फिकी असतानाच काढावीत. वाढायच्या वेळी मोठ्या आचेवर मिनिटभर पुन्हा तळावीत. मधल्या वेळात आतला ओलावा कवचात येतो आणि दुसऱ्या तळणीत निघून जातो. अशी भजी बराच वेळ कुरकुरीत राहतात.

तळलेले तेल पुन्हा वापरावे का?

या विषयाची ही बाजू चवीपेक्षा महत्त्वाची. तेल वारंवार तापले की त्यात घातक संयुगे वाढतात. ही ‘एकूण ध्रुवीय संयुगे’ २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल वापरू नये, असा नियम एफएसएसएआयने १ जुलै २०१८ पासून लागू केला. घरी ते मोजता येत नाही, पण खुणा दिसतात: तेल काळपट व चिकट होते, फेस लवकर बसत नाही, कमी आचेवरही धूर येतो. असे तेल टाकून द्यावे, मात्र मोरीत ओतू नये. उरलेले चांगले तेल गाळून, दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवावे.

तळणीसाठी शेंगदाणा, सोयाबीन किंवा तांदळाच्या कोंड्याचे तेल चालते. विदर्भात जवसाचे तेल आवडीने खाल्ले जाते, पण ते तळणीचे नव्हे. उष्णतेने ते फार लवकर बिघडते. कढईने पेट घेतला तर गॅस बंद करून झाकण ठेवावे, पाणी कदापि मारू नये.

डिप मेयोनीजचे की चक्क्याचे?

हॉटेलातले पांढरे डिप बहुधा मेयोनीजचे असते, म्हणजे अंडे किंवा त्याऐवजी दुसरा घटक वापरून घोटलेले तेल. तळलेल्या पदार्थाबरोबर आणखी तेल, हा तसा अजब मेळ. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजमध्ये साल्मोनेला जिवाणूंचा धोका असतो. त्यामुळेच तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये अशा मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली.

घरी त्याला सोपा पर्याय चक्क्याचा. अर्धा लिटर सायीच्या दुधाचे दही फडक्यात बांधून तीन-चार तास फ्रिजमध्ये टांगावे किंवा चाळणीत ठेवावे. चक्का घोटून त्यात ठेचलेला लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरपूड, बारीक कोथिंबीर आणि चमचाभर साय मिसळावी. तिखट हवे असेल तर हिरव्या मिरचीचा ठेचा. मीठ मात्र वाढण्याच्या वेळीच घालावे, नाहीतर डिपला पाणी सुटते. पावसाळ्यातही हे डिप दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये. फडक्यातून निथळलेले आंबट पाणी कढीला कामी येते.