कारखान्यातील ताण येतो कोठून?

'टेन्शन' हा शब्द आता भोसरीच्या चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. उर्दूत त्याला 'जेहनी दबाव' म्हणतात, आणि हा शब्द अधिक नेमका आहे, कारण दबाव म्हटला की दाबणारा कोण, हा प्रश्न आपोआप येतो.

संकट आले की हृदय जोराने धडधडते, रक्तदाब चढतो, रक्तात साखर वाढते. संकट टळले की सारे पूर्ववत होते. परंतु कारखान्यातले संकट रोज सकाळी पुन्हा हजर असते. शरीराला उसंत मिळत नाही. मग झोप उडते, पित्त वाढते, घरी मुलांवर चिडचिड होते, आणि पुढे ब्लडप्रेशर व मधुमेहाच्या गोळ्या सुरू होतात.

साहेब लोकांना ताण जास्त, असा सर्वसाधारण समज आहे. लंडनच्या सरकारी नोकरांची वर्षानुवर्षे पाहणी झाली, तेव्हा उलटे दिसले. हृदयविकार खालच्या श्रेणीत अधिक होता. अमेरिकन संशोधक रॉबर्ट करासेक यांनी 1979 मध्ये याचे एक कारण मांडले होते. काम भरपूर आणि ते कसे करायचे यात स्वतःचे काहीच चालत नाही, अशा माणसाला ताण सर्वांत जास्त. असेंब्ली लाइनवरच्या कामगाराची स्थिती नेमकी हीच आहे. पट्टा फिरतो त्या वेगाने हात फिरला पाहिजे. त्यात तो कंत्राटी असेल, तर शेजारच्या कायम कामगाराइतकेच काम, पगार कमी आणि उद्याची शाश्वती नाही.

आता व्यापाराच्या बाजूने पाहू. मोठे मोटार कारखाने मालाचा साठा ठेवत नाहीत. सुटा भाग लागेल त्या वेळीच दारात यावा, अशी पद्धत आहे. त्यांचे गोदामाचे भाडे वाचते, मात्र काळजी भोसरीच्या छोट्या वर्कशॉपवाल्याकडे जाते. चाकणच्या चौकात टेम्पो अडकला की त्याचा जीव टांगणीला. माल वेळेवर हवा, पैसे मात्र सवडीने! 2006 च्या कायद्याने लघुउद्योगाचे बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करणे बंधनकारक आहे. पण पुढची ऑर्डर जाईल या भीतीने तक्रार कोण करणार? आम्हा कापडवाल्यांना उधारीची ही फिक्र सांगायला नको. बँकेचा हप्ता तुंबलेला मालक मग सुपरवायझरवर ओरडतो, सुपरवायझर ऑपरेटरवर. पॉवर प्रेसवर बोटे जातात, त्यामागे बिघडलेल्या सेन्सरइतकीच ही घाईही असते.

कचेरीतली माणसेही यातून सुटलेली नाहीत. जुलै 2024 मध्ये पुण्यातील एका बड्या कंपनीत अवघे चार महिने काम केलेली 26 वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट तरुणी वारली. कामाच्या ओझ्याने, असे तिच्या आईने पत्रात लिहिले. कंपनीने ते मानले नाही. त्या एका मृत्यूचे कारण काहीही असो, जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2021 चा हिशेब बोलका आहे. आठवड्याला 55 किंवा त्याहून अधिक तास काम केल्याने 2016 या एका वर्षात जगात सुमारे 7 लाख 45 हजार माणसे पक्षाघात व हृदयविकाराने दगावली.

आपल्याकडे सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाची रोजची मर्यादा 9 वरून 12 तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे 48 तास कायम आहेत, असे सांगितले जाते. कागदावर ते ठीक आहे. तथापि तळेगाव-चाकण रस्त्यावरचे जाण्यायेण्याचे तास या हिशेबात कोणी धरत नाही.

मालकांनी योगासनांची शिबिरे जरूर भरवावीत. त्याआधी पाळीचा तक्ता महिनाभर अगोदर लावावा. पाळी बदलताना पहिलीनंतर दुसरी, मग तिसरी, असा क्रम ठेवावा. उलट्या क्रमापेक्षा तो शरीराला सोपा जातो. यात मालकाचा एक पैसाही खर्च होत नाही.