भूगोलाचा अनुनाद आणि मेंदूतील तरंग : संख्यासाम्याचे मूल्य

पृथ्वीच्या पृष्ठभागावर विद्युच्चुंबकीय क्षेत्राचे काही अतिमंद तरंग अहोरात्र विद्यमान असतात. त्यांतील सर्वांत ठळक तरंगाची कंप्रता, म्हणजे दर सेकंदास होणाऱ्या आंदोलनांची संख्या, सुमारे ७.८ हर्ट्झ आहे. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या, परंतु जाग्या असलेल्या मनुष्याच्या मेंदूत जे अल्फा तरंग उमटतात, त्यांची कंप्रता ८ ते १३ हर्ट्झ असते. या दोन संख्यांच्या सान्निध्यावरून मानवी मेंदू पृथ्वीच्या स्पंदनाशी जुळलेला आहे, असे अनुमान वारंवार काढले जाते. ते कोठवर ग्राह्य मानावे, हे ठरविण्यापूर्वी दोन्ही घटनांचे स्वरूप पाहणे अगत्याचे आहे.

भूपृष्ठ विद्युद्वाहक आहे. वातावरणाच्या वरच्या भागातील आयनांबरही विद्युद्वाहक आहे. या दोहोंमधील पोकळीत जगभर दर सेकंदास सुमारे ४५ विजा चमकतात आणि प्रत्येक वीज त्या पोकळीत तरंग सोडते. पृथ्वीचा परिघ ४०,००० किलोमीटर व प्रकाशाचा वेग सेकंदास ३ लक्ष किलोमीटर. म्हणजे तरंग एका सेकंदात पृथ्वीभोवती साडेसात फेऱ्या करू शकतो. पोकळीच्या मापाशी जुळणारे तरंग टिकतात, इतर विरून जातात. यालाच अनुनाद म्हणतात. आदर्श गोलाकार पोकळीसाठी गणिताने पहिली कंप्रता १०.६ हर्ट्झ येते. आयनांबर अपूर्ण वाहक असल्यामुळे प्रत्यक्षात ती ७.८ पर्यंत उतरते. पुढील कंप्रता सुमारे १४, २० व २६ हर्ट्झ आहेत. म्युनिक येथील विन्फ्रीड ओटो शूमान यांनी १९५२ मध्ये हे भाकीत केले आणि १९६० मध्ये बाल्सर व वॅग्नर यांनी त्याची मोजणीने खात्री करून दिली.

हे तरंग केवळ कुतूहलाचा विषय नव्हेत, याचा प्रत्यय मराठवाड्यास एका भीषण प्रसंगानंतर आला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तत्कालीन उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील सास्तूर या परिसरात ६.२ परिमाणाचा भूकंप झाला. सात हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजला जात असे; शिवाय काळी माती व बेसाल्टचे थर यांच्याखाली काय दडले आहे, हे वरून दिसत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथे मॅग्नेटोटेल्युरिक पद्धतीने पाहणी केली. या पद्धतीत कृत्रिम प्रवाह सोडावा लागत नाही. दूरच्या विजांपासून आणि सौरवाऱ्याच्या क्षोभापासून उत्पन्न होणारी नैसर्गिक क्षेत्रे जमिनीत शिरतात व तेथे प्रवाह निर्माण करतात. जमिनीत पुरलेल्या विद्युदग्रांनी विद्युत्क्षेत्र आणि वेटोळ्यांनी चुंबकीय क्षेत्र एकाच वेळी मोजले, की त्यांच्या गुणोत्तरावरून खडकाची रोधकता कळते. तरंग जितका मंद, तितका तो खोल जातो. १०० ओहम-मीटर रोधकतेच्या खडकात ८ हर्ट्झचा तरंग सुमारे पावणेदोन किलोमीटरपर्यंत पोहोचतो. भूकंपकेंद्राच्या परिसरात सुमारे ६ ते १० किलोमीटर खोलीवर सुवाहक पट्टा असल्याचे या पाहणीतून दिसले आणि तेथे द्रवयुक्त खडक असावा, असा अर्थ संशोधकांनी लावला. वरच्या थरांविषयीच्या अनुमानाची परीक्षा वेधनाने घेता येते. किल्लारीच्या वेधनात बेसाल्टची जाडी ३३८ मीटर भरली.

येथे तरंग आणि खडक यांचा संबंध तीन आधारांवर उभा आहे : कारण ज्ञात आहे, दोन्ही राशी एकत्र मोजल्या आहेत आणि एक बदलली असता दुसरी ठराविक नियमाने बदलते. मेंदूच्या बाबतीत हेच आधार शोधले पाहिजेत.

हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूचे विद्युत् आलेखन केले व १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केले. अल्फा तरंगांचा उगम चेतापेशींच्या परस्परसंबंधांत आहे. त्यांची कंप्रता प्रौढांत साधारण १० हर्ट्झ असते, बालपणी ती कमी असते आणि वार्धक्यात पुन्हा मंदावते. पृथ्वीचा अनुनाद मात्र बालकासाठी व वृद्धासाठी एकच आहे. १९७२ मध्ये डेव्हिड कोहेन यांनी चुंबकीय आवरणाच्या खोलीत मेंदूचे चुंबकीय क्षेत्र मोजले. बाह्य क्षेत्रे अडविलेली असूनही अल्फा तरंग तेथे उमटलेच.

बलाचा विचारही निर्णायक आहे. शूमान तरंगाचे चुंबकीय क्षेत्र सुमारे १ पिकोटेस्ला असते. महाराष्ट्रातील स्थिर भूचुंबकीय क्षेत्र त्याच्या सुमारे चार कोटी पट आहे. त्याचे विद्युत्क्षेत्र मीटरला एक मिलिव्होल्टपेक्षाही कमी असून, शरीर वाहक असल्यामुळे आत शिरताना ते लक्षावधी पटींनी क्षीण होते. जर्मनीत र्‍यूटगर वेव्हर यांनी भूमिगत खोल्यांतील प्रयोगांत १० हर्ट्झच्या क्षेत्राचा निद्राजागृतीच्या लयीवर परिणाम नोंदविला. परंतु त्यांनी वापरलेले क्षेत्र मीटरला २.५ व्होल्ट, म्हणजे नैसर्गिक क्षेत्राच्या हजारो पट होते.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास हा पेच परिचित आहे. फारसीतील ‘बद’ मराठीत ‘बदनाम’, ‘बदलौकिक’ या शब्दांत रुळला आहे. इंग्रजीतील ‘बॅड’ त्याच्याशी रूपाने व अर्थाने जुळतो. तरीही दोहोंची व्युत्पत्ती भिन्न आहे. याउलट ‘पितृ’ आणि ‘फादर’ यांचे रूपसाम्य कमी असूनही नाते निर्विवाद आहे, कारण ‘प’च्या जागी ‘फ’ येण्याचा नियम इतर अनेक शब्दांत आढळतो. नाते ठरते ते नियमित अनुरूपतेने. सुटे साम्य योगायोगाचेही असू शकते.

हीच कसोटी येथे लावता येते. आशिया, आफ्रिका व अमेरिका येथील वादळांची तीव्रता दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी वाढते. त्यानुसार अनुनादाचे बल बदलते, आणि त्याची कंप्रताही हर्ट्झच्या काही दशांशांनी सरकते. मेंदूचा त्याच्याशी संबंध असेल, तर पूर्वकल्पना नसलेल्या अनेक व्यक्तींच्या आलेखांत हे चढउतार त्याच क्रमाने दिसले पाहिजेत, आणि आवरणाच्या खोलीत ते लोपले पाहिजेत. अशी अनुरूपता स्वतंत्रपणे व पुनःपुन्हा सिद्ध होईपर्यंत ७.८ आणि १० यांचे सान्निध्य हे संशोधनाचा प्रश्न म्हणून स्वीकारावे, उत्तर म्हणून नव्हे. किल्लारीच्या भूमीखालील थर ज्या शिस्तीने वाचले गेले, तीच शिस्त मेंदूविषयीच्या विधानासही लागू आहे.