सातबारा बदलला, आठ-अ राहिला तर?

जिंतूर तालुक्यातील बोरीत एखाद्याने शेत विकत घेतले, की फेरफार धरला जातो. हरकतीची 15 दिवसांची मुदत संपली की मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. मग सातबारा आणि आठ-अ दोन्हींवर नाव यायला हवे. पीककर्जाला बँक दोन्ही उतारे मागते. समजा, सातबारा बदलला आणि तेवढ्यात सर्व्हर बंद पडला तर?

असे सॉफ्टवेअर लिहिताना अनेक प्रोग्रामर ‘कॅस्केड’वर विसंबतात. जावातील हायबरनेटमध्ये ते लावले, की मुख्य नोंदीबरोबर तिच्याशी जोडलेल्या नोंदीही सेव्ह होतात. पण कॅस्केड फक्त काय सेव्ह करायचे एवढेच ठरवते. सगळे होईल किंवा काहीच होणार नाही, ही हमी ‘ट्रान्झॅक्शन’ची. सारे बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असले, तर मध्येच बिघाड झाल्यास ‘रोलबॅक’ होतो, म्हणजे आधीची स्थिती परत येते. पायथॉनच्या जँगोत तर मुद्दाम सांगितले नाही, तर प्रत्येक सेव्ह सुटे-सुटे कायम होते.

खरी मेख स्प्रिंगमध्ये आहे. तिथे ट्रान्झॅक्शन लावूनही ‘चेक्ड एक्सेप्शन’ आले, म्हणजे प्रोग्रामरने आधीच जाहीर केलेली चूक घडली, तर वेगळी सूचना नसल्यास रोलबॅक होत नाही. तोवरचे अर्धे बदल गुपचूप कायम होतात, आणि अर्जदाराला ते बँकेच्या खिडकीवर कळते.